तोंडात धरलेली चाल

गाण्याची नवी चाल तोंडात धरायची, वाटेत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही आणि थेट घरी येऊन ती पेटीत ओतायची, असं मानणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघावा हे माझं लहानपणापासूनचं दुखणं होतं. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. बेलापुरात त्यांची गुळाची आडत होती. अंगाने आडवे, डोक्याला तिरपी काळी टोपी, आणि खांद्यावरच्या उपरण्याला बारा महिने गुळाचा वास. व्यवहारात माणूस चोख होता. पण गाण्याचा विषय निघाला की त्यांचं काय होईल याचा भरवसा नसे, आणि ते जे काही व्हायचं ते नेहमी चारचौघांत व्हायचं. त्यांच्याबरोबर बाजारातून चालताना मी दोन पावलं मागे राहत असे. कुणी ओळखीचं दिसलं तर तीन.

माझ्या लहानपणी पुण्याला नवं नाटक लागलं की आतोबा आडत मुनिमाच्या गळ्यात घालून गाडीत बसत. नाटक पाहून त्यातली सगळ्यांत सरस चाल निवडायची आणि ती घेऊन परतायचं. घेऊन म्हणजे तोंडात. बोललं तर चाल सांडते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे पुण्याला गाडीत बसल्यापासून त्यांचे ओठ घट्ट मिटलेले असत. दौंडला गाडी बदलावी लागे. तिथे हमालापासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळ्यांशी कारभार हातवाऱ्यांनी चाले. एकदा डब्यातल्या एका बाईने बिचारा मुका आहे म्हणून त्यांना भाकरी आणि ठेचा दिला. खावं तर चाल गिळली जाणार, नाही म्हणावं तर तोंड उघडावं लागणार. आतोबांनी तिला हात जोडले आणि ती भाकरी उपरण्याला बांधून घरी आणली. स्टेशन गावापासून दोन-तीन मैलांवर. तिथला बापू टांगेवाला त्यांचं तोंड पाहून काय ते समजे आणि घोड्याच्या गळ्यातली घुंगरं सोडून स्वतःच्या खिशात टाकी, कारण घुंगरांचा ताल निराळा पडला तर चाल बिघडते. इकडे ओट्यावर पंधरा-वीस माणसं येऊन बसलेली असत. आत्या दारातून डोकावून हळूच सांगे, "तोंडात हाय. कुनी बोलू नका रं." मग सगळं चिडीचूप. आतोबा चपला न काढता आत येत, पेटीपुढे बसत, आणि पहिला सूर निघाला की ओट्यावरच्या माणसांचे श्वास एकदम सुटत.

अशा आणलेल्या चालींतली एक गावाला फार आवडली. ती अंतऱ्यात सावकाश वर चढे, वर जाऊन घटकाभर टेके, आणि मग पायरी पायरीने खाली उतरे. मूळचं नाटक कोणतं, शब्द कोणते, हे लोक लवकरच विसरले. बेलापुरात तिला जिन्याची चाल म्हणत. शेतात मोट हाकणारा माणूसही ती गुणगुणे, आणि वरच्या पायरीवर आला की बैलसुद्धा थांबत, असं आतोबा सांगत. बैलांचं मी बघितलं नाही, पण माणसं थांबलेली बघितली आहेत.

चाल आणली की तिच्यात आपले शब्द बसवणं हा आतोबांचा दुसरा उद्योग. गणपतीतल्या मेळ्याची पदं वर्षानुवर्षं तेच रचत. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव हटकून येई आणि ते नाव होतं 'गुळदास'. आडतीवर बसून ते समोरच्या ढेपेवर बोटांनी ठेका धरत आणि यमक शोधत. तोवर शेवगावचा व्यापारी भाव ऐकायला ताटकळत उभा. मला नगरच्या कचेरीत नोकरी लागल्यावर तर त्यांना नवं क्षेत्रच सापडलं. आमच्या साहेबांची बदली झाली तेव्हा न बोलावता ते निरोपाच्या समारंभाला आले आणि उभं राहून निरोपाचं पद म्हणाले. शब्द सगळे विरहाचे होते, पण चाल अशी काही ठसकेबाज लावली होती की साहेब चालले याचा साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला आहे असं वाटावं. पट्टेवाला पायाने ठेका धरू लागला. साहेबांच्या बाईंचा चेहरा बघून मी हारांच्या करंडीमागे सरकलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच हार मोजल्यासारखं करत राहिलो.

पण लाजेने अर्धमेला झालो तो माझ्या स्वतःच्या लग्नात. मंगलाष्टकं मीच म्हणणार, असं आतोबांनी आत्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मुलीकडची मंडळी नाशिकची, जरा शिष्ट. तोवर सिनेमाची गाणी सगळीकडे झाली होती आणि जिन्याची चाल जुनी होऊन दहा-पंधरा वर्षं लोटली होती. आतोबांनी मंगलाष्टक धरलं ते नेमकं त्याच चालीत. चाल चढत चढत वर गेली, वर टेकली, आणि आता झालं असं समजून लोकांनी अक्षता टाकल्या. आतोबा शांतपणे पायरी पायरीने खाली उतरले आणि पुढच्या कडव्याला पुन्हा चढले. पुन्हा टेकले, पुन्हा अक्षता. दर कडव्याला हेच. मुलीकडच्या बायका पदरात तोंड लपवून हसू लागल्या. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात लटलट कापत होते. अखेर खरोखरीचं "शुभमंगल सावधान" झालं तेव्हा मांडवात कुणाच्याही मुठीत एक दाणा उरला नव्हता. लोकांनी रिकामे हात आमच्या दिशेने झटकले आणि वाजंत्री सुरू झाली. अक्षतांवाचून लग्न लागलेलं आमच्यासारखं जोडपं दुसरं नसेल, हे बायकोने मला पुढे किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. त्या दिवशी मात्र ती अंतरपाटापलीकडे मान खाली घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे ते मला कळेना, आणि दोन्हींची मला सारखीच लाज वाटत होती.

आतोबांनी नव्या चाली आणणं कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही. नाटकमंडळ्या एकेक करून बसल्या. स्टेशनजवळ तंबूतला सिनेमा येऊ लागला. बाजारातल्या हॉटेलवाल्याने फोनो घेतला. कपबशीच्या खळखळाटात गाणं वाजे आणि सगळं गाव चहा पिता पिता ते उचले. आतोबा त्या हॉटेलावरून जाताना टोपी कानांवर ओढून घेत. विचारलं तर म्हणत, "भाचेबुवा, ह्या नव्या चालींना दांडीच न्हाई. धरायचं कुटं? तोंडात घेतली तर इरघळून जाती." हे मी सगळीकडे थट्टेने सांगत असे. एकदा आत्यालाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दांडीचं कायबी न्हाई बाबा. आदी ह्येंनी आनल्याबिगर गावात गानं येत नव्हतं. समदी ओट्यावर वाट बघत बसायची. आता ह्ये घेऊन यायच्या आदीच गानं गावात हजर असतंय. मग मानसानं कुनासाठी तोंड मिटून यावं?"

मेळ्याची पदं मात्र अजून त्यांच्याकडेच होती. गावात त्यांचा काही मान उरला असेल तर तेवढाच, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. लढाईच्या दिवसांतली गोष्ट. रॉकेल मिळत नव्हतं म्हणून त्या वर्षी मेळ्याचा कार्यक्रम दिवस मावळायच्या आत उरकायचं ठरलं. गणपतीसाठी मी बेलापूरला गेलो होतो. सकाळी चहा पिताना आतोबांनी मला नवं पद म्हणून दाखवलं होतं, अर्थात जिन्याच्या चालीत. संध्याकाळी बाजारात फळ्यांचं व्यासपीठ, पुढे सतरंज्या, आणि आतोबांना मानाची खुर्ची. शेजारी मी. मेळ्याचा मुख्य गाणारा हुसेन, बांगड्या विकणाऱ्या मन्याराचा मुलगा. विशीतला, आवाजाने खणखणीत. आतोबांचा तो लाडका होता. "गळा हाय त्याच्याकडं, चाल मी देतो," असं ते म्हणत.

पेटीचे पहिले सूर निघाले आणि आतोबा दचकले. ते जिन्याच्या चालीचे नव्हते. हॉटेलातल्या फोनोवर त्या महिन्यात दिवसभर वाजणाऱ्या गाण्याचे होते. आतोबांनी दाढ दुखल्यासारखे डोळे मिटले, उठले, खुर्ची उचलली, फिरवली आणि व्यासपीठाकडे पाठ करून बसले. आता साऱ्या गावाच्या समोर त्यांचं तोंड, आणि त्यांच्या शेजारी मी. हुसेन गाऊ लागला. लोक माना डोलवू लागले. आतोबा मोठ्याने म्हणाले, "कुनी लिवलंय हे? शेंडा न्हाई, बुडखा न्हाई. हे काय मेळ्याचं पद हाय?" मी ऐकत होतो. शब्द सकाळचे होते. चहाबरोबर ऐकलेले, एकूण एक. मी त्यांची बाही ओढली. "आतोबा, हळू बोला." ते आणखी चढले. "हळू का? मी माझं पद दिलं हुतं, ते टाकून ह्यांनी हे कुनाचं उचललं? काय ते शबुद! वाणी म्हनं, राणी म्हनं!" मी पुन्हा बाही ओढली. "आतोबा, तुम्ही जरा ऐका तरी." त्यांनी माझा हात झटकला. "थांब रं, ह्या गाढवाचं नाव तर कळू दे. शेवटच्या वळीत येतंयच की." मी डोळे मिटून घेतले.

आणि हुसेनने आवाज चढवून शेवटची ओळ घेतली : 'गुळदास म्हणे, गणराया, गोड करी आमुची वाणी.'

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सतरंजीवरचं सगळं गाव खो खो हसत सुटलं. आतोबा उठले. निघून जाताहेत असं वाटून मीही उठलो. पण त्यांनी खुर्ची पुन्हा फिरवली, व्यासपीठाकडे तोंड केलं, हात मांडीवर जोडून बसले आणि मेळ्याची उरलेली सगळी पदं शेवटपर्यंत ऐकली. सगळी त्यांचीच होती. सगळी दुसऱ्यांच्या चालींत होती. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांच्याकडे बघवेना आणि लोकांकडेही बघवेना, म्हणून मी आपला माझ्या पायांकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेन दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "शेट, चाल मी बदलली. पोरं जुन्या चालीत गायलाच तयार नव्हती. म्हनायची, लोक उठून जातील. तुमाला सांगायची हिंमत झाली न्हाई. पन शबुद येकबी हालवला न्हाई, खुदा की कसम." आतोबा आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिथूनच म्हणाले, "तुजी चूक न्हाई रं. जा." तो गेल्यावर मला म्हणाले, "पोरानं चाल बदलली त्याचं मला काय न्हाई, भाचेबुवा. पन माजे शबुद मला वळखू आले न्हाईत. चाल कानावर पडली आन मी दारच लावून घेतलं. माजीच लेकरं दारात हुबी हुती आन मी त्यास्नी गाढव म्हनलो." हे बोलताना ते आडतीवरचे शेट राहिले नव्हते.

पेटीवर त्यांनी चादर टाकली ती वर्षभर काढली नाही. पुढचे गणपती जवळ आले तशी मेळ्याची मुलं पदं मागायला आली. आतोबा म्हणाले, "तुमची चाल मला येत न्हाई." हुसेन म्हणाला, "आमी शिकवतो की शेट. दोन दिवसांचं काम." ते त्यांना लागलं. ज्या गावाला आपण चाली शिकवल्या त्याच्याकडून चाल शिकून घ्यायची? "कुनी शिकवायची गरज न्हाई," ते म्हणाले. "मी आनीन."

योगायोगाने त्याच दिवशी मी गाडीतून बेलापूरला उतरलो. स्टेशनाबाहेर तंबू उभा होता. खेळाला अवकाश होता, पण लोक जमावेत म्हणून दुपारपासून कर्णा लावून गाणी वाजवत होते. कर्ण्याच्या बांबूला टेकून, मांडी घालून, डोळे मिटून आतोबा बसलेले. भोवती शेंगदाणेवाले, पोरंटोरं, धूळ. लागलेलं गाणं संपलं, तेच पुन्हा वाजलं, आतोबा हलले नाहीत. आणखी एकदा वाजलं तेव्हा ते उठले. ओठ घट्ट मिटलेले. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि टांग्याकडे चालू लागले. बापू आता म्हातारा झाला होता, त्याला नीट दिसतही नसे. पण आतोबांचं तोंड त्याने बघितलं मात्र, खाली उतरला आणि काही न विचारता घोड्याची घुंगरं सोडून खिशात टाकली. किती वर्षांनी त्याचे हात तिथे गेले असतील. सगळी वाट कुणी बोललं नाही. लहानपणापासून ज्या माणसाच्या दोन पावलं मागे राहिलो, त्याच्या मांडीला मांडी लावून मी बसलो होतो आणि मीही ओठ मिटून घेतले होते. टांगा दगडावरून उडाला की मी आतोबांच्या ओठांकडे बघे.

दिवेलागणीला घरी पोचलो. हुसेन आणि मुलं ओट्यावर बसली होती. आत्याने दारातून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "तोंडात हाय. कुनी बोलू नका रं." मुलं गप्प झाली. आतोबा चपला न काढता आत गेले, पेटीवरची चादर ओढली. पहिली ओळ निघाली. थेट कर्ण्यावरची. हुसेनचा चेहरा उजळला. दुसरी ओळही तीच. मग अंतरा आला, चाल वर चढू लागली, चढून वर टेकली, आणि पायरी पायरीने खाली उतरली. आतोबा थांबले. पुन्हा पहिल्यापासून धरली. पुन्हा अंतऱ्यात तोच जिना. बोटं आपल्या ओळखीच्या घरात शिरत होती. तिसऱ्या वेळी त्यांनी भाता मिटला. आमच्याकडे न बघता, हातातून भांडं निसटलेल्या पोरासारखे म्हणाले, "सांडली. वाटंत कुटंतरी सांडली."

आत्या म्हणाली, "सांडू द्या. रस्ताबी काय कमी लांबचा हाय व्हय?" हुसेन पुढे सरकला, त्याने भाता पुन्हा उघडला आणि म्हणाला, "शेट, निम्मी नवी हाय, निम्मी तुमची. आमी तशीच गातो." आणि त्या वर्षी मेळ्याने ती तशीच गायली, पहिल्या दोन ओळी तंबूतल्या आणि अंतरा जिन्याचा. लोकांना ती विशेष आवडली असं नाही. पण कुणी हसलं नाही. आतोबा पुढच्या खुर्चीवर व्यासपीठाकडे तोंड करून बसले होते. पुढे दोन-तीन वर्षांत ते गेले. पेटी आत्याने हुसेनला दिली.

हे सगळं मला परवा आठवलं. आमच्या धाकटीने मला रेडिओवरच्या एका गाण्यापुढे धरून बसवलं. "बाबा, एकदा तरी नीट ऐका. तुम्ही नेहमी आधीच तोंड वाकडं करता." मी ऐकलं. बरं वाटलं. म्हटलं, हे बायकोला म्हणून दाखवावं, म्हातारा अजून नवं काही शिकतो हे तिलाही कळू दे. मी उठलो, ओठ मिटले आणि बैठकीतून स्वयंपाकघराकडे निघालो. मधे एक खोली, एवढंच अंतर. बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझं तोंड बघून ती म्हणाली, "काय झालं? दात दुखतोय?" मी मान हलवली आणि गाऊ लागलो. पहिली ओळ धाकटीची होती. दुसरी थोडी थोडी. तिसरीला चाल आपोआप वर चढायला लागली तेव्हा मला कळलं की काय होतंय, पण थांबवता येईना. ज्या चालीने भर मांडवात मला मान वर करू दिली नव्हती, तीच घेऊन मी बायकोसमोर उभा होतो. ओशाळून मी वरच्या पायरीवर टेकलो, खाली कसं उतरावं या विचारात.

बायकोने माझ्याकडे बघितलं. सुपातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि माझ्या डोक्यावर टाकले.